सतराव्या दुरुस्तीने राज्यांना दुबळं नाही, मोकळं केलं

अमेरिकेत दर काही वर्षांनी एक मागणी डोकं वर काढते, की सतरावी घटनादुरुस्ती (जिने १९१३ पासून सिनेटर, म्हणजे केंद्रीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, थेट लोकांनी निवडायला सुरुवात झाली ती) रद्द करा आणि सिनेटर निवडायचं काम परत राज्यांच्या विधिमंडळांकडे द्या. २००४ मध्ये जॉर्जियाचे सिनेटर झेल मिलर यांनी तसा प्रस्ताव मांडला, २०१० च्या 'टी पार्टी' या उजव्या चळवळीच्या लाटेत ही मागणी जोरात होती, २०२० मध्ये नेब्रास्काचे सिनेटर बेन सॅस यांनीही सिनेट सुधारण्याच्या उपायांमध्ये हा एक उपाय सांगितला. आणि प्रत्येक वेळी वाद होतो तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या मुद्द्यांवर. रद्द करा म्हणणारे म्हणतात की १९१३ पर्यंत वॉशिंग्टनवर राज्यांचा लगाम होता, तो लोकांनी भावनेच्या भरात तोडून टाकला. राहू द्या म्हणणारे लगेच जुन्या लाचखोरीच्या गोष्टी काढतात आणि तिथेच थांबतात. माझं म्हणणं असं आहे की जुनी पद्धत वाईट होती ती मुळात लाचखोरीमुळे नाही, तर तिने राज्यांची विधिमंडळंच खाऊन टाकली होती म्हणून. राज्याच्या आमदाराला लोकांनी निवडायचं ते रस्ते, शाळा, तुरुंग, कारखान्यांचे कायदे यासाठी, आणि निवडलं जायचं ते वॉशिंग्टनला कोण जाणार यावरून. ज्यांना राज्यांच्या अधिकारांची खरोखर काळजी आहे त्यांनी तर ही दुरुस्ती सगळ्यात जास्त जपायला हवी.

आधी पद्धत काय होती ते बघू, कारण बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेत जेम्स विल्सन यांनी थेट लोकांनी सिनेटर निवडावेत असा आग्रह धरला होता, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही, आणि ७ जूनला जॉन डिकिन्सन यांचा ठराव एकमताने पास झाला की निवड विधिमंडळांनी करावी. पण निवड कशी करायची हे घटनेत नव्हतंच. त्यामुळे जवळजवळ ऐंशी वर्षं प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने चालत राहिलं. कुठे दोन्ही सभागृहं एकत्र बसायची, कुठे वेगवेगळी मतदान करायची, आणि दोन सभागृहांत दोन पक्षांचं बहुमत असलं की गाडी अडकायची. १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला की पहिल्या दिवशी दोन्ही सभागृहांनी वेगवेगळं मतदान करायचं, एकच नाव दोन्हीकडे जिंकलं नाही तर एकत्र बैठक घ्यायची, तिथे उघड आवाजी मतदान, निवड होईपर्यंत रोज किमान एकदा मत द्यायचं. हेतू चांगला होता. पण झालं असं की मूठभर आमदारांच्या हातात अडवणुकीचं हत्यार आलं, कारण स्पष्ट बहुमत लागायचं आणि ते मिळेपर्यंत रोज तोच प्रश्न पुन्हा समोर यायचा.

आता लाचखोरीचा मुद्दा. मॉन्टानाचे तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांची गोष्ट सगळे सांगतात आणि ती खरीच भयंकर आहे. १८९९ मध्ये फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या आमदाराने सभागृहासमोर तीस हजार डॉलर ठेवले आणि सांगितलं की हे क्लार्कच्या माणसांनी मतांसाठी दिलेले आहेत, तरीही क्लार्क निवडून आले. सिनेटच्या समितीने निवड अवैध म्हटलं, तेव्हा मे १९०० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि गव्हर्नर राज्याबाहेर असताना हंगामी गव्हर्नरने त्याच रिकाम्या जागेवर पुन्हा क्लार्कचीच नेमणूक केली. ती काही टिकली नाही, पण १९०१ मध्ये विधिमंडळाने त्यांना परत निवडलं आणि ते १९०७ पर्यंत सिनेटर राहिले. इलिनॉयच्या विल्यम लॉरिमर यांची १९०९ ची निवड तर सिनेटने १९१२ मध्ये लाचखोरीवरूनच रद्द केली. हे सगळं मान्य. पण प्रामाणिकपणे बघितलं तर शेकडो सिनेटर निवडले गेले आणि सिनेटपुढे आलेली लाचखोरीची प्रकरणं बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि थेट निवडणूक आल्यावर पैसा गेला का? १९१८ मध्ये मिशिगनचे ट्रुमन न्यूबेरी निवडून आले, प्रचारात एवढा पैसा ओतला म्हणून वादळ उठलं आणि शेवटी १९२२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९२६ मध्ये लोकांनी थेट निवडलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या विल्यम व्हेअर आणि इलिनॉयच्या फ्रँक स्मिथ या दोघांनाही सिनेटने पैशांच्या गैरप्रकारावरून आत घेतलं नाही. तेव्हा 'जुनी पद्धत भ्रष्ट, नवी स्वच्छ' हा बचाव पोकळ आहे, त्यावर विसंबून राहिलं की समोरचा एका झटक्यात तो पाडतो.

मग लगामाचा मुद्दा. हा समोरच्यांचा हुकमी एक्का. विधिमंडळाने निवडलेला सिनेटर विधिमंडळाला घाबरून राहील, केंद्राला राज्यांच्या अधिकारात घुसू देणार नाही, असा तर्क. कागदावर हे पटतं. पण घटनाकारांनी काय केलं ते बघा ना. त्याआधीच्या व्यवस्थेत राज्यं आपले प्रतिनिधी दरवर्षी नेमायची, वाटेल तेव्हा परत बोलवायची, आणि त्यांचा खर्चही राज्यंच द्यायची. १७८७ च्या घटनेने सिनेटरला सहा वर्षं दिली, पगार केंद्राच्या तिजोरीतून दिला, परत बोलवायचा अधिकार काढून टाकला. म्हणजे लगाम घटनाकारांनीच कापला होता, १९१३ मध्ये कुणी नाही. पुढे विधिमंडळं सिनेटरांना 'असं मत द्या' म्हणून आदेश पाठवायची, आणि काही जण ते मानायचेही. १८३६ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने आपल्या दोन्ही सिनेटरांना सांगितलं की अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावरचा सिनेटचा निषेधाचा ठराव नोंदीतून पुसायला मत द्या. जॉन टायलर यांना ते पटत नव्हतं म्हणून त्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या तत्त्वनिष्ठेचं कौतुकच आहे. पण दुसरे सिनेटर बेंजामिन ली यांनी आदेश मानायला साफ नकार दिला, आणि त्यांना परत बोलवायचा कुठलाही मार्ग विधिमंडळाकडे नव्हता. ज्याला मानायचाय तो मानेल आणि ज्याला नाही तो नाही, अशाला लगाम कसं म्हणायचं?

आणि विधिमंडळांनी निवडलेल्या त्या सिनेटने केलं काय? १८५० चा पळून आलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा, ज्याने उत्तरेकडच्या राज्यांचे स्वतःचे कायदे पायदळी तुडवून केंद्राचे अधिकारी त्यांच्या गावागावात घुसवले, तो याच सिनेटने पास केला. १८८७ चा रेल्वेवर केंद्राचं नियंत्रण आणणारा कायदा, १८९० चा मक्तेदारीविरोधी कायदा, हेही याच सिनेटने. आणि ज्या इन्कम टॅक्सच्या नावाने हीच मंडळी केंद्राच्या ताकदीचं रडगाणं गातात त्याची सोळावी दुरुस्ती १९०९ मध्ये याच सिनेटने पास केली, आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये ती मंजूर झाली ती राज्यांच्या विधिमंडळांच्याच मतांनी. म्हणजे केंद्राची तिजोरी भरायचा अधिकार राज्यांच्या आमदारांनी स्वतः दिला, तोही सतरावी दुरुस्ती लागू व्हायच्या आधी. एवढ्यावर तरी लगामाची कथा थांबायला हवी ना?

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो. १८५८ चं इलिनॉय घ्या. रिपब्लिकन लिंकन आणि डेमोक्रॅट डग्लस यांचे ते सात वादविवाद जगभर प्रसिद्ध आहेत, पण त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर दोघांचंही नाव नव्हतं, हे किती जणांच्या लक्षात असतं? लोक मत देत होते आपापल्या भागातल्या आमदाराला. रिपब्लिकन पक्षाने जून महिन्यातच जाहीर केलं होतं की आमचा सिनेटसाठी एकच उमेदवार, लिंकन, आणि त्यामुळे राज्यभर आमदारकीची प्रत्येक लढत लिंकन की डग्लस याच एका प्रश्नाची झाली. एकूण मतांमध्ये लिंकनच्या बाजूचे उमेदवार थोडे पुढे होते, पण मतदारसंघ जुन्या लोकसंख्येवर आखलेले आणि काही आमदार आधीच्या निवडणुकीतून बसलेले, त्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळात डग्लस ५४ विरुद्ध ४६ ने जिंकले. इथे लोक लिंकनवर अन्याय झाला म्हणून हळहळतात. मला हळहळ वाटते ती त्या साध्या मतदाराची. समजा तुमच्या भागातला जो उमेदवार शाळांबद्दल, रस्त्यांबद्दल, स्थानिक करांबद्दल तुम्हाला पटतो तो डग्लसच्या पक्षाचा आहे, आणि तुम्हाला गुलामगिरीचा प्रसार थांबवायचाय, तर तुम्ही काय करणार? एकच मत, त्यात तुमचं राज्यही बसवायचं आणि सगळा देशही. साहजिकच देश जिंकायचा आणि राज्य हरायचं, दर वेळी.

आणि सिनेटरची निवड अडकली की राज्याचं अख्खं काम अडकायचं. १८९७ मध्ये ओरेगॉनमध्ये जॉन मिचेल यांची फेरनिवड होऊ द्यायची नाही म्हणून कनिष्ठ सभागृहाचं कामकाजच सुरू होऊ दिलं नाही, पूर्ण अधिवेशन गेलं, एक कायदा नाही की एक पैशाची मंजुरी नाही. १८९९ मध्ये डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, युटा, कॅलिफोर्निया अशा चार राज्यांची विधिमंडळं सिनेटर न निवडताच घरी गेली. डेलावेअरमध्ये गॅसच्या धंद्यात पैसा केलेले एडवर्ड ॲडिक्स सिनेटर व्हायला हटून बसले, ना ते निवडून येत ना दुसऱ्याला येऊ देत, आणि १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याचा सिनेटमध्ये एकही माणूस नव्हता. ज्या पद्धतीने राज्यांना आवाज मिळतो म्हणतात त्या पद्धतीने एका राज्याचा आवाज दोन वर्षं पूर्ण बंद. १९०५ मध्ये मिसूरीत शेवटच्या दिवशी वेळ संपू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ बंद पाडायचा प्रयत्न झाला, शिडी आणली ती दुसऱ्या पक्षाने खिडकीबाहेर फेकली, हाणामारी झाली, पुस्तकं फेकली गेली, शेवटी कुणीतरी शाईच्या बाटल्या मारून लंबक तोडला. १८९१ ते १९०५ मध्ये २० राज्यांत मिळून चाळीसहून जास्त वेळा निवड अशी अडकली. हे आमदार वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर जे बक्षीस ठेवलं होतं ते इतकं मोठं होतं की त्यापुढे राज्याचं बजेट किरकोळच वाटणार.

इथे समोरच्यांचा सगळ्यात वजनदार माणूस आणतो, न्यूयॉर्कचे सिनेटर एलिहू रूट. फेब्रुवारी १९११ मध्ये त्यांनी सिनेटमध्ये या दुरुस्तीविरुद्ध भाषण केलं. त्यांचा मुद्दा असा की लोक जर चांगले आमदार निवडू शकत नसतील तर चांगले सिनेटर तरी कसे निवडतील, आणि विधिमंडळांकडून हा अधिकार काढला की त्यांची प्रतिष्ठा आणखी घसरेल, चांगली माणसं तिकडे फिरकणारच नाहीत. हा मुद्दा हलका नाही. संस्थेवर विश्वास ठेवला तर ती सुधारते, अधिकार काढत गेलं तर ती खुरटते, हे बऱ्याच ठिकाणी खरं असतं. पण रूट हे बोलत होते त्याच महिन्यात त्यांच्याच न्यूयॉर्कमध्ये काय चाललं होतं? जानेवारीपासून ऑल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, दुसऱ्या सिनेटरची निवड अडकली होती. टॅमनी हॉल या न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅट गटाच्या पुढाऱ्यांना विल्यम शीहान हवे होते आणि फ्रँकलिन रूझवेल्ट नावाचा एक तरुण आमदार काही बंडखोरांना घेऊन अडून बसला होता, त्याचं नाव पहिल्यांदा गाजलं ते यातच. रोज मतदान, रोज तोच निकाल. २५ मार्चला न्यूयॉर्क शहरात ट्रायँगल कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. २९ मार्चला ऑल्बनीच्या विधान भवनालाच आग लागली. आणि ३१ मार्चला कुठे जेम्स ओगॉर्मन यांची निवड होऊन हा घोळ मिटला. सिनेटरच्या घोळामुळे कारखान्याला आग लागली असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणणं चुकीचं ठरेल. पण कारखान्यांचे दरवाजे कसे असावेत, जिने किती असावेत हे ठरवायचं काम कुणाचं होतं? त्याच विधिमंडळाचं. त्या हिवाळ्यात ते कशात गुंतलं होतं? पुढे त्याच विधिमंडळाने चौकशी आयोग नेमला आणि पुढच्या काही वर्षांत कामगार सुरक्षेचे असे कायदे केले की देशात त्यांचं अनुकरण झालं. राज्याच्या विधिमंडळाची प्रतिष्ठा वाढते ती अशा कामाने, त्यासाठी सिनेटर निवडायचा अधिकार लागत नाही.

ही दुरुस्ती राज्यांवर कुणी वरून लादली असंही नाही. राज्यंच यातून सुटायला धडपडत होती. ओरेगॉनने, तेच १८९७ चं ओरेगॉन, १९०४ नंतर अशी सोय केली की आमदारकीचा उमेदवार आधीच लिहून देईल की लोकांनी ज्याला पसंती दिली त्यालाच मी मत देईन, आणि १९०९ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने दिलेला शब्द पाळून डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना सिनेटर केलं. हे मला अमेरिकेच्या राजकारणातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. १९१२ पर्यंत २९ राज्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या प्रकारे लोकांची पसंती आधी घेतली जात होती. केंद्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने १८९३ पासून वारंवार ठराव पास केले आणि सिनेटने ते अडवले, शेवटी जून १९११ मध्ये सिनेटने ६४ विरुद्ध २४ ने दुरुस्ती स्वीकारली, मे १९१२ मध्ये ती राज्यांकडे गेली आणि ८ एप्रिल १९१३ ला कनेक्टिकटच्या मंजुरीने लागणारी ३६ राज्यं पूर्ण झाली, एका वर्षाच्या आत. मंजुरी देणारे कोण? तेच आमदार, ज्यांचा अधिकार जाणार होता. राज्यांनी विचार करून दिलेला निर्णय जर राज्यांच्या अधिकारावरचा घाला असेल तर मग राज्यांचा अधिकार म्हणजे नक्की काय?

आजच्या काळात जुनी पद्धत आणली तर आणखी वाईट होईल, कारण मतदारसंघांची सोयीची आखणी आता कॉम्प्युटरवर होते. राज्याची सीमा कुणाला हलवता येत नाही, त्यामुळे सिनेटची निवडणूक ही या खेळापासून वाचलेली मोठी निवडणूक आहे. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली विधानसभेच्या एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त डेमोक्रॅट उमेदवारांना मिळाली (काही जागा बिनविरोध होत्या हे धरूनही चित्र फार बदलत नाही) आणि ९९ पैकी जागा मिळाल्या ३६. त्याच दिवशी त्याच मतदारांनी टॅमी बाल्डविन यांना साधारण ५५ टक्के मतं देऊन सिनेटवर पाठवलं, विधिमंडळाने त्यांना कधीच पाठवलं नसतं. आणि हे एकाच पक्षाच्या सोयीचं नाही. २०२० मध्ये मेन राज्यात विधिमंडळ डेमोक्रॅटांकडे होतं आणि लोकांनी निवडलं रिपब्लिकन सुसान कॉलिन्स यांना. दोन पक्षांच्या मधली अशी माणसं थोडीच उरलीत, जुन्या पद्धतीत ती पहिल्या फटक्यात संपतील.

एक गोष्ट मात्र मला खरंच थांबवते. पहिले कृष्णवर्णीय सिनेटर हायरम रेव्हल्स १८७० मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने पाठवले, काही वर्षांत ब्लांश ब्रूस यांनाही त्याच विधिमंडळाने पाठवलं, आणि थेट निवडणुकीतून पहिला कृष्णवर्णीय सिनेटर यायला १९६६ साल उजाडलं, मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रूक. हे जुन्या पद्धतीच्या बाजूचं वजन आहे, ते नाकारू नये. फक्त कारण तपासा. यादवी युद्धानंतर मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना मत होतं, म्हणून विधिमंडळात त्यांचे आमदार होते, म्हणून रेव्हल्स गेले. ते मत दडपशाहीने हिसकावल्यावर तेच विधिमंडळ तीच पद्धत वापरत होतं आणि तिथून एकही कृष्णवर्णीय सिनेटर आला नाही. खाली मताचा अधिकार शाबूत असेल तरच वर काही निष्पन्न होतं, मग पद्धत कुठलीही असो.

आपल्याकडची मंडळी या वादात राज्यसभेचं उदाहरण देतात, की बघा भारतात आमदारच निवडतात आणि चाललंय ना. तुलना योग्य आहे पण अर्धीच. आपल्या घटनाकारांनी राज्यसभेसाठी पसंतीक्रमाची प्रमाणशीर पद्धत ठेवली, त्यामुळे एका जागेसाठी महिनोन्महिने अडून बसायची वेळ येत नाही, आणि सरकार लोकसभेवर उभं असतं म्हणून महाराष्ट्रात विधानसभेला मत देताना राज्यसभेत कोण जाईल हा विचार कुणी करत नाही. अमेरिकेचं सिनेट न्यायाधीश मंजूर करतं, मंत्री मंजूर करतं, परराष्ट्र करार मंजूर करतं, ते बक्षीसच वेगळं. आणि एवढं असूनही आपल्याकडे काय दिसतं? २०१२ मध्ये झारखंडची राज्यसभा निवडणूक रोकड सापडल्यामुळे रद्द करावी लागली, लाच घेऊन मत देणाऱ्या आमदाराला संरक्षण आहे की नाही हा त्यातूनच निघालेला सीता सोरेन खटला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांपुढे गेला आणि २०२४ मध्ये कोर्टाने संरक्षण नाही असं स्पष्ट सांगितलं. घोडेबाजार थांबावा म्हणून २००३ मध्ये मतदान उघड केलं. तरी जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहा जागांना सात उमेदवार उभे राहिले तेव्हा आमदारांना हॉटेलांमध्ये नेऊन ठेवावं लागलं आणि मतमोजणी आक्षेपांमुळे मध्यरात्रीपर्यंत लांबली. अमेरिकेतही १८६६ च्या कायद्याने मतदान उघडच होतं. मोजक्या लोकांच्या हातात मोठी निवड दिली की दबाव त्या मोजक्या लोकांवर येणारच.

पैशाचा मुद्दाही मी टाळत नाही. आज सिनेटच्या एकेका निवडणुकीत शेकडो मिलियन डॉलर जातात, जानेवारी २०२१ च्या जॉर्जियाच्या दोन जागांच्या वेळी अख्ख्या देशातून पैसा आला, आणि असा सिनेटर आपल्या राज्यापेक्षा दूरच्या देणगीदारांकडे जास्त बघतो ही तक्रार खरी आहे. पण निवड विधिमंडळाकडे गेली तर तो पैसा कुठे जाईल? तो आमदारकीच्या लढतींमध्ये जाईल, जिथे आज एखादी शिक्षिका किंवा दुकानदार थोड्या पैशात निवडून येऊ शकते. क्लार्क यांनी मॉन्टानात तेच केलं होतं, आधी आमदारकीच्या उमेदवारांवर आणि वर्तमानपत्रांवर पैसा लावला, मग सिनेटकडे वळले. पैशावर उपाय हवा तर देणग्यांच्या कायद्यात शोधा.

दुरुस्तीत हात घालायचाच असेल तर एक जागा आहे. सिनेटरची जागा मुदतीआधी रिकामी झाली तर विधिमंडळ गव्हर्नरला तात्पुरती नेमणूक करायचा अधिकार देऊ शकतं, असं सतराव्या दुरुस्तीतच लिहिलंय, आणि बहुतेक राज्यांनी तो दिलेला आहे. बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आल्यावर इलिनॉयची त्यांची जागा रिकामी झाली, तेव्हा गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांनी ती विकायचा प्रयत्न केला, डिसेंबर २००८ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे शिक्षाही. ओरेगॉन आणि विस्कॉन्सिन यांनी गव्हर्नरला हा अधिकार दिलेला नाही, तिथे जागा रिकामी झाली की लोकांसमोरच जावं लागतं. बाकीच्या राज्यांना हे करायला घटनाही बदलायला नको, आपापल्या विधिमंडळात साधा कायदा पास केला तरी पुरतं.